बंद पडलं तर काय करते?

गेल्या जूनमध्ये, पहिला पाऊस आला त्या संध्याकाळी, बाबांची गाडी आर्वीला थांबली नाही.

फलाट गेला, फलाटापुढचा बफर गेला आणि प्लायवूडची कड ओलांडून इंजिन खाली फरशीवर पडलं. बाबा लाल बटण दाबतच होते. मग त्यांनी इंजिन पकडायला उजवा हात पुढे केला, पण बोटं मिटलीच नाहीत.

मी सुट्टीवर घरी आले होते. इंजिन उचलायच्या आधी मी विचारलं, "हाताला काय झालं?"

"काही नाई झालं. आधी लाइन बंद कर."

त्या संध्याकाळी दोन गोष्टी मोडल्या होत्या. एक टेबलावरची, जी मला लगेच दिसली. दुसरी कळायला आणखी दोन दिवस गेले.

*

आधी टेबलाबद्दल सांगते. वर्ध्याच्या आमच्या घरात समोरच्या खोलीत भिंतीला लागून चौदा फूट लांब आणि दोन फूट रुंद प्लायवूड आहे. त्यावर पुलगाव-आर्वी लाइन आहे. डाव्या टोकाला पुलगाव, मध्ये रोहणा, उजव्या टोकाला आर्वी. खरी लाइन ३५ किलोमीटरची. १९१७ साली सुरू झालेली, रुळांमधलं अंतर फक्त ७६२ मिलिमीटर. आपल्याकडे यवतमाळ-मूर्तिजापूर-अचलपूरची 'शकुंतला' सगळ्यांना माहीत असते. आर्वीची गाडी तिचीच धाकटी बहीण, त्याच कंपनीची. आर्वीचे लोक तिलाही शकुंतलाच म्हणायचे. कापसाच्या गाठी पुलगावच्या मोठ्या लाइनपर्यंत आणायला ती बांधली होती. बाबा मात्र लहानपणी त्या गाडीनं मामाकडे जायचे. वाफेचं इंजिन, खिडकीतून येणारी कोळशाची कणी, आणि पोट्टे चालत्या गाडीतून उतरून बोरं तोडून परत चढायचे, ही त्यांची नेहमीची गोष्ट. बोरांचा भाग मी पूर्ण खरा मानत नाही.

आमची लाइन १:८७ या प्रमाणात आहे. त्या हिशेबानं ७६२ मिलिमीटरचे पावणेनऊ होतात, म्हणून नऊ मिलिमीटरचा रूळ. पण त्याच हिशेबानं ३५ किलोमीटरचे चारशे मीटर होतात. त्यामुळे विरूळसकट बरीच स्टेशनं आमच्या खोलीत मावली नाहीत. एका विरूळच्या पाहुण्यांना हे अजून पटलेलं नाही.

बाबा रेल्वेत सिग्नल विभागात मेंटेनर होते. छत्तीस वर्षं. लिव्हर ओढून तारेनं हात खाली पाडायचा, तिथपासून ते कॉम्प्युटरवर क्लिक करून रूट लावायचा, इथपर्यंतचे सगळे सिग्नल त्यांनी दुरुस्त केले. पुण्याला माझ्या ॲडमिशनला आले तेव्हा मी त्यांना कोथरूडचं जोशींचं छोट्या रेल्वेचं म्युझियम दाखवलं. १९९८ पासून लोकांसाठी खुलं असलेलं ते गाव, त्यातल्या गाड्या, सिग्नल, रात्रीचे दिवे पाहून ते तासभर बोललेच नाहीत. घरी परतल्यावर प्लायवूड आणलं.

पुढे माझ्या मावसभावानं परदेशातून एक जुना डिजिटल कंट्रोल सेट आणून दिला. तोच त्या संध्याकाळी गेला. वीज कडाडली, घरातले दिवे एकदा भपकन मोठे झाले, आणि गाडी सुटली.

*

डिजिटल कंट्रोल म्हणजे काय, हे थोडक्यात. त्याशिवाय पुढचं कळणार नाही.

साध्या मॉडेल रेल्वेत रुळांत डीसी करंट सोडतात. व्होल्टेज वाढवलं की गाडी जोरात, प्लस-मायनस उलटं केलं की उलट दिशेनं. रुळांवर दोन इंजिनं असली की दोन्ही एकदमच पळतात. डिजिटलमध्ये रुळांत सतत पूर्ण वीज असते, पण तिची दिशा सेकंदात हजारो वेळा उलटसुलट होते. त्या उलटण्यातच निरोप असतो. अर्धी लाट ५८ मायक्रोसेकंदांची असली तर ते 'एक', शंभरच्या आसपास किंवा जास्त असली तर 'शून्य'. प्रत्येक इंजिनात नखाएवढा एक डिकोडर बसवलेला असतो, त्याला स्वतःचा नंबर असतो. "तीन नंबर, पुढे, वेग वीस" असा निरोप आला की फक्त तीन नंबर ऐकतो. याला डीसीसी म्हणतात. मूळ काम जर्मनीतल्या लेन्झ कंपनीचं, नंतर अमेरिकेतल्या मॉडेल रेल्वेवाल्यांच्या संघटनेनं त्याचं स्टँडर्ड केलं. त्यामुळे बॉक्स एका कंपनीचा आणि इंजिनातला डिकोडर दुसऱ्याचा असला तरी चालतं.

आमच्या बॉक्सचं काय झालं, ते बाबांनी रात्रीच मल्टिमीटर लावून शोधलं. विजेच्या झटक्यानं त्याचा आउटपुट एका बाजूला चिकटला होता. उलटसुलट होणं थांबलं आणि रुळांत सरळ डीसी आला, पूर्ण व्होल्टेजचा. आता बऱ्याच डिकोडरमध्ये एक सोय दिलेली असते: डिजिटल निरोप दिसला नाही आणि नुसता डीसी दिसला, तर "आपण साध्या रुळांवर आहोत" असं समजून तो इंजिन डीसीवर चालवतो. आमच्या डिकोडरनं तेच केलं. सोय म्हणून दिलेल्या गोष्टीनं गाडी पूर्ण वेगानं सोडली. लाल बटण त्या बॉक्सलाच जोडलेलं, आणि बॉक्स तर मेलेला.

बाबा चष्मा काढून म्हणाले, "राँग साइड फेल्युअर."

हा त्यांच्या खात्यातला शब्द. सिग्नलवाल्यांच्या जगात बिघाड दोनच प्रकारचे. काहीतरी तुटलं आणि सिग्नल लाल झाला, तर राइट साइड. गाड्या खोळंबतात, साहेब ओरडतो, पण कोणी मरत नाही. काहीतरी तुटलं आणि सिग्नल हिरवाच राहिला, तर राँग साइड. पहिल्या प्रकारात मेमो मिळतो. दुसऱ्यात चौकशी बसते.

म्हणून तिथली प्रत्येक गोष्ट अशी बनवतात की तुटली तर लालच व्हावी. रुळांत बारीकसा करंट सोडतात, तो पलीकडच्या टोकाला एक रिले उचलून धरतो. गाडी आली की तिची चाकं दोन रूळ जोडतात, करंट तिथूनच परत फिरतो, रिले स्वतःच्या वजनानं खाली पडतो आणि सिग्नल लाल. बॅटरी संपली, तार तुटली, तरी रिले पडतोच. लाल व्हायला काहीच लागत नाही. हिरवं राहायला मात्र सगळं नीट असावं लागतं.

*

दुसऱ्या दिवसापासून मी नवीन सिस्टिम शोधायला बसले. मी पुण्यात सॉफ्टवेअर टेस्टिंग करते, तुलना करणं माझं पोटापाण्याचं काम. एक्सेल शीट केली. कॉलम: किंमत, किती अँपिअर, फोनवरून चालते का, किती इंजिनं, अपडेट मिळतात का.

बाबांनी शीट पाहिली. म्हणाले, "एक कॉलम राह्यला."

"कोणता?"

"बंद पडलं तं काय करते?"

कुठल्याही माहितीपत्रकात हे नव्हतं. सगळीकडे काय काय करतं याची यादी. किती फंक्शन, किती आवाज, किती रंगांचा स्क्रीन. मग मी मॅन्युअलं उघडली आणि एकेका पर्यायाला बाबांचा प्रश्न विचारायला लागले.

पहिला पर्याय बाबांचाच: डिजिटल सोडून द्यायचं. "एकच तं गाडी हाय. साधा रेग्युलेटर लाव." मोह होता. पण साध्या रेग्युलेटरमधला ट्रान्झिस्टर शॉर्ट झाला तर रुळांत पूर्ण व्होल्टेज येतं. म्हणजे बिघडला की गाडी सुसाट. बाबांनी स्वतःच तो पर्याय खोडला.

दुसरा, अमेरिकेतल्या एनसीईचा पॉवर कॅब. हातात धरायचा, वायरवाला, वेगाला अंगठ्यानं फिरवायचं चाक. निरोप तयार करणारा मेंदू हातातल्या त्या यंत्रातच असतो, त्यामुळे त्याची वायर निघाली की रुळांतले निरोपही बंद. बाबांना हा फार आवडला. पण मागवायचा तिकडून, कस्टम्स भरायचे, आणि पुढच्या जूनमध्ये पुन्हा वीज पडली तर दुरुस्तीला परत तिकडे. किंमत ऐकून ते म्हणाले, "तेवढ्यात छतावर पत्रे येतात." पत्रे खरंच आणायचे होते.

तिसरा, रोकोचा झेड २१. फोनवर किंवा टॅबवर इंजिनाची अख्खी केबिन दिसते. हा मला आवडला होता. किंमत पॉवर कॅबपेक्षाही वर.

चौथा, डीसीसी-ईएक्स. ही कंपनी नाही. जगभरातल्या हौशी लोकांनी मिळून लिहिलेला मोफत प्रोग्राम. अर्डुइनो मेगा नावाचा बोर्ड, त्यावर मोटर शील्ड, पंधरा व्होल्टचा ॲडाप्टर आणि वायफायचा तुकडा, की झाली तुमची सिस्टिम. सगळं मिळून तीन हजारांच्या आत. बोर्ड जळला तर नागपूरहून दुसरा येतो. आणि आत काय चाललंय ते वाचता येतं. बाबांना प्रोग्राम वाचता येत नाही, पण मला येतो.

मी म्हटलं, "फोनवरून चालवता येईल, बाबा."

"आणि फोन बंद पडला तं?"

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि थांबले. फोन बंद पडला तर गाडी थांबेल, असंच मी धरून चालले होते. तसं नसतं.

डीसीसीमध्ये रुळांत धूळ असते, चाक क्षणभर उचललं जातं, निरोप हुकतो. आमच्याकडे तर कापसाचा तंतूही रुळावर येऊन बसतो. म्हणून बॉक्स शेवटचा निरोप पुन्हा पुन्हा पाठवत राहतो: तीन नंबर, पुढे, वेग वीस. तीन नंबर, पुढे, वेग वीस. फोनचं काम फक्त निरोप बदलण्याचं. फोन मेला, हरवला, खिशात गेला, तरी बॉक्सला काही कळत नाही. तो जुनाच निरोप देत राहतो आणि गाडी जुन्याच वेगानं आर्वीकडे जात राहते.

"म्हणजे," बाबा म्हणाले, "डायवर मेला तरी गाडी चालते."

*

त्याच दुपारी शेजारच्या काकू लोणच्याची बरणी द्यायला आल्या. जाता जाता म्हणाल्या, "आता बरा आहे का बाबांचा हात? एप्रिलमध्ये केवढा सुजला होता."

एप्रिलमध्ये बाबा न्हाणीत पडले होते. मनगटाचं हाड मोडलं. काकूंच्या मुलानं दवाखान्यात नेलं, प्लास्टर झालं, महिन्यानं निघालं. व्यायाम करायला सांगितला होता, तो केला नाही. मला यातलं काही माहीत नव्हतं.

माहीत नव्हतं, कारण आमच्याकडे एक पद्धत होती. आई २०१९ मध्ये गेली, तेव्हापासून बाबा रोज सकाळी सात वाजता मला मिस्ड कॉल द्यायचे. दोन रिंग आणि कट. म्हणजे सगळं ठीक. मी बसमध्ये असो, मीटिंगमध्ये असो, त्या दोन रिंग वाजल्या की माझा दिवस सुरू व्हायचा. एप्रिलमध्ये एकही दिवस चुकला नव्हता. हात प्लास्टरमध्ये असताना डाव्या हातानं, पलंगावर पडल्या पडल्या, सात वाजता दोन रिंग.

मला राग आला. काकूंसमोर काही बोलले नाही. त्या गेल्यावर म्हटलं, "तुम्ही मला रोज खोटं सांगत होता."

"मी कुठं काय सांगतलं? मिस्ड कॉल तं देल्ला."

"तेच तर."

ते गप्प बसले. मग बऱ्याच वेळानं म्हणाले, "तू सुट्टी टाकून आली असती. मग म्हटली असती, पुण्याले चला."

मी म्हटलं असतं. चार वर्षं म्हणतेच आहे. ते येत नाहीत. पुण्यात माझं दोन खोल्यांचं घर आहे आणि चौदा फुटांची सलग भिंत एकही नाही. हे कारण नाही, हे आम्हा दोघांनाही माहीत आहे. पण बोलताना आम्ही नेहमी भिंतीबद्दलच बोलतो.

त्या रात्री मला झोप लागली नाही. बाबांवर चिडून झालं, मग स्वतःवर चिडले. पाच वर्षं मी दोन रिंगना बातमी समजत होते, आणि तो नुसता शेवटचा निरोप होता, पुन्हा पुन्हा पाठवलेला. आणि बॉक्सला तरी का दोष द्यावा? मी कधी परत फोन करून विचारलं होतं का? मलाही दोन रिंगच सोयीच्या होत्या.

*

सकाळी मी डीसीसी-ईएक्सचा प्रोग्राम उघडून वाचायला घेतला. या प्रश्नावर कोणीतरी विचार केलेला असणार, अशी आशा होती. केला होता. फोनवरची ॲप्स ज्या भाषेत त्याच्याशी बोलतात, तिच्यात 'हार्टबीट' नावाची गोष्ट आहे. ॲपनं दर काही सेकंदांनी "मी आहे" असं कळवायचं. ठरलेल्या वेळात काहीच कळलं नाही, तर बॉक्स त्या ॲपच्या ताब्यातली गाडी थांबवतो.

बाबा एकदम उठून बसले. "व्हीसीडी!" खऱ्या इंजिनात लोको पायलटनं मिनिटभर काहीच हालचाल केली नाही, की आधी दिवा, मग आवाज, आणि तरी प्रतिसाद नाही तर ब्रेक लागतो. ड्रायव्हर जिवंत आहे की नाही, हे यंत्र विचारत राहतं.

निर्णय तिथेच झाला. मी पुण्याला परत गेले, सामान वर्ध्याला मागवलं आणि पुढचे दोन महिने दर शनिवारी-रविवारी व्हिडिओ कॉलवर जोडणी केली. मोटर शील्डच्या पाठीमागे एक बारीक जोड असतो, तो कापावा लागतो. नाहीतर रुळांचे पंधरा व्होल्ट अर्डुइनोत शिरतात. बाबांनी तो ब्लेडनं कापला, डाव्या हातानं. उजव्या हाताचा व्यायाम हल्ली करतात, कारण सोल्डरिंग डाव्यानं जमत नाही.

फोनवरून चालवणं त्यांना नकोच होतं. काचेवर बोट सरकतं, वेग किती झाला ते हाताला कळत नाही. म्हणून एका छोट्या वायफाय बोर्डाला फिरवायचं बटण लावलं आणि जुन्या डब्यात बसवलं. तोही हार्टबीट पाठवतो.

इंजिनाची बॉडी बाबांनीच पत्र्याची केली होती, ती परत ठोकून सरळ झाली. डिकोडर वाचला होता. त्यात सीव्ही म्हणजे सेटिंगचे नंबर असतात. २९ नंबरच्या सेटिंगमध्ये ६ होतं, त्यातला चारचा वाटा त्या डीसीवर पळण्याच्या सोयीचा. मी ६ चं २ केलं. आता रुळांत नुसता डीसी आला तर इंजिन उभं राहील.

आणि लाल बटण. मी म्हटलं, प्रोग्राममध्येच इमर्जन्सी स्टॉप आहे, वेगळं कशाला? बाबांनी ऐकलं नाही. ॲडाप्टरच्या वायरमध्येच मोठं बटण बसवलं. दाबलं की वीजच तुटते. मध्ये प्रोग्राम नाही, वायफाय नाही. माझ्या प्रोग्रामवर विश्वास नाही का, असं विचारलं तर म्हणाले, "हाय ना. बटण त्याच्यासाठी नाई, माझ्यासाठी हाय."

*

दिवाळीत मी घरी गेले तेव्हा सगळं तयार होतं. मला वाटलं आता गाडी पुलगावहून आर्वीला जाईल, आपण टाळ्या वाजवू. बाबांनी आधी वही काढली. नवं सिग्नल चालू करायच्या आधी करतात तशी तपासणी. प्रत्येक गोष्ट तोडून पाहायची.

गाडी पुलगावहून सोडली, रोहण्याच्या अलीकडे हातातल्या डब्याची बॅटरी काढली. आम्ही दोघं मोठ्यानं आकडे मोजत होतो. एक, दोन, तीन. गाडी चालतच होती. सहा, सात. मला घाम फुटला. गाडी रोहण्याच्या पुढे गेली. दहा. थांबली. बाबांनी वहीत लिहिलं: ठीक.

मग रुळाची एक वायर काढली. थांबली. ठीक. लाल बटण दाबलं. ठीक. वायफाय बंद केलं. मोजलं, थांबली, ठीक. घराचा मेन स्विच पाडला आणि अंधारात काकूंचा आवाज आला, "लाइट गेली का तुमच्याकडची?" ठीक.

अकरा वेळा गाडी मुद्दाम थांबवली. बाराव्या वेळी ती आर्वीला पोचली आणि फलाटावर उभी राहिली.

मिस्ड कॉल आम्ही बंद केले आहेत. आता सकाळी सात वाजता फोन करतात आणि मी उचलते. नियम एकच: काल काय बिघडलं ते सांगायचं, आधी त्यांनी, मग मी. नुसतं "सगळं ठीक" चालत नाही. बहुतेक दिवस बिघाड बारीकच असतात. नळ गळतो, पॉइंट अडकतो, साखर थोडी वाढली आहे, मॅनेजर वैताग देतो. पुण्याला यायचं अजून नावच नाही.

डिसेंबरात एका सकाळी सात वाजता फोन आला नाही. सव्वासातला मी केला, बंद लागला. साडेसातला काकूंना पळवलं आणि दुसऱ्या हातानं संध्याकाळच्या गाडीचं तत्काळ तिकीट बघायला लागले. पावणेआठला बाबांचा फोन आला. रात्री सोल्डरिंग गनसाठी चार्जर काढला होता, परत लावायचा राहिला.

मी काही बोलायच्या आत तेच म्हणाले, "राइट साइड होतं, बाई. घाबरू नको."